प्रत्येक पोट निराळं

बेडकांच्या बहुतेक पुस्तकांत एका जातीच्या वाट्याला एक चित्र येतं. पान उलटलं की पुढची जात, पुढचं चित्र. बॉम्बिना गटातल्या बेडकांना मात्र दोन चित्रं द्यावी लागतात, एक पाठीचं आणि एक पोटाचं, कारण नुसती पाठ पाहून या प्राण्याचा काहीच अंदाज येत नाही. जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांबी, चिखलाच्या रंगाची खरखरीत पाठ, पाण्याबाहेर काढलेले दोन डोळे. पोट मात्र लालभडक, शेंदरी नाहीतर पिवळंधमक, आणि त्यावर काळे-निळसर डाग. इंग्रजीत यांना 'फायर-बेलीड टोड' म्हणतात. मी इथे लालपोट्या आणि पिवळपोट्या एवढंच म्हणणार आहे.

बोलायचंय ते त्या दुसऱ्या चित्राबद्दल. आख्ख्या जातीला पोटाचं एकच चित्र कसं पुरेल? गेली काही वर्षं ही पोटं पाहते आहे, आणि जितकी जास्त पाहिली तितकी माझी खात्री होत गेली की पुस्तकातल्या चित्रासारखा हुबेहूब बेडूक कुठल्याच डबक्यात राहत नाही.

मी जर्मनीच्या नैऋत्येला राहते, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात. इथल्या जंगलांत बॉम्बिना व्हारिएगाटा ही पिवळ्या पोटाची जात आहे. पूर्वी ती नद्यांच्या काठाने राहायची. पूर आला की नदी नवी डबकी करायची, जुनी बुजवायची, आणि पिवळपोट्या नव्या डबक्यांत अंडी घालायचा. मग नद्या सरळ केल्या गेल्या, बांध आले, पूर थांबले. आता हा बेडूक दगडखाणींत, सैन्याच्या सरावाच्या मैदानांवर रणगाड्यांनी केलेल्या खड्ड्यांत आणि जंगलात लाकूड ओढणाऱ्या अवजड गाड्यांच्या चाकोऱ्यांत राहतो. म्हणजे माणसाने ज्या जागेची वाट लावली असं आपल्याला वाटतं, नेमक्या तिथे. २०१४ साली जर्मनीत त्याला वर्षाचा उभयचर म्हणून निवडलं होतं, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याचे भरपूर फोटो आले. सगळे पोटाचे, आणि सगळे जवळजवळ सारखे. फोटोला उठून दिसेल अशीच पोटं निवडलेली असणार.

उन्हाळ्यात इथला निसर्गगट या बेडकांची मोजणी करतो आणि त्यांच्याबरोबर मीही जाते. युरोपीय संघाच्या कायद्याने या जातीला कडक संरक्षण आहे, त्यामुळे बेडूक हातात धरायचा तो परवाना असलेल्या अभ्यासकाने. आमच्यासारख्यांनी टाचण करायचं, डबी धरायची, फोटो काढायचा. निघण्याआधी बुटांना जंतुनाशक लावायचं. हाताला सनक्रीम नको, डासांचं मलम नको. बेडकाची कातडी सगळं पिऊन घेते.

डबी चपटी आणि पारदर्शक असते. तळाशी थोडं पाणी, त्यात बेडूक, आणि वरून ओला स्पंज अलगद टेकवायचा म्हणजे तो वळवळत नाही. मग डबी उचलून खालून फोटो घ्यायचा, आणि लगेच त्याला परत त्याच्याच खड्ड्यात सोडायचं. एखादा घाबरला तर कातडीतून पांढरट फेस सोडतो. त्याचा दर्प नाकात गेला की शिंका सुरू होतात, आणि चुकून डोळ्याला हात लागला तर डोळा चुरचुरत राहतो. हा फेस हेच त्याचं शस्त्र, आणि पोटाचा रंग ही त्या शस्त्राची आगाऊ सूचना.

फोटो काढायचे कारण प्रत्येक पोटावरची नक्षी वेगळी असते आणि एकदा पक्की झाली की आयुष्यभर ओळखू येते. हे आयुष्यही लहान नाही. रानात दहा-बारा वर्षं जगणारे पिवळपोटे असतात. अंगठ्याच्या ठशाने माणूस ओळखावा तसा पोटाच्या फोटोवरून बेडूक ओळखता येतो. गेल्या वर्षी वरच्या वळणावर दिसलेला यंदा खालच्या खाणीत आहे का, हे असंच कळतं. पूर्वी अशा कामासाठी उभयचरांच्या पायाची बोटं छाटून खुणा करत. ती गरज या नक्षीने संपवली, याचं मला फार बरं वाटतं.

एकाच चाकोरीतल्या तीन बेडकांची पोटं सांगते. पहिल्याचं जवळजवळ सगळं पिवळं. हनुवटीपासून मांड्यांपर्यंत रंग सलग, आणि त्यात काळे तुकडे सुटे सुटे, काठाशी थोडे निळसर. दुसरा उलटा: काळं जास्त. छातीवर दोन तिरके पिवळे पट्टे, ते मध्ये एकमेकांना भेटता भेटता राहिलेले, बेंबीच्या जागी बाजरीच्या दाण्याएवढा एकच ठिपका, आणि मांडीच्या आतल्या बाजूला मात्र पिवळा रंग ओसंडलेला. तिसऱ्याचं पिवळं नारंगीकडे झुकलेलं, काळ्याच्या जागी राखाडी, आणि उजवीकडची नक्षी डावीशी अजिबात न जुळणारी. तिघं एका हाताच्या अंतरावर बसलेले. पाणी एक, माती एक, बहुतेक खाणंही एकच. उडदामाजी काळेगोरे म्हणतात ते हेच.

हा फरक येतो कुठून? अंड्यात गर्भ वाढत असताना त्याच्या मज्जारज्जूच्या कडेने काही पेशी सुटतात आणि अंगभर पसरत जातात. त्यांतल्याच काही पुढे रंगपेशी होतात. काहींत मेलॅनिन भरतं, त्या काळ्या. काहींत पिवळी-तांबडी द्रव्यं साठतात. काहींत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे बारीक स्फटिक तयार होतात, आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो. कोणती पेशी कुठवर पोचली, वाटेत कोणाशी गाठ पडली, कोणी कोणाला मागे सारलं, यावर नक्षी ठरते. ढोबळ आराखडा आईबापांकडून येतो, पण काठ आखून दिलेले नसतात. म्हणून एकाच अंडगुच्छातल्या भावंडांची पोटंही जुळत नाहीत. शेपूट जिरवून नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या पिल्लाचं पोट तर फिकट, राखाडी असतं. रंग पुढच्या काही आठवड्यांत, कधी महिन्यांत भरत जातो.

भरत जातो हे शब्दशः. कारण नक्षी जन्माची असली तरी त्यातला लाल-पिवळा रंग बेडूक बराचसा बाहेरून मिळवतो. कॅरोटिनॉइड ही द्रव्यं वनस्पती, शेवाळ, बुरशी आणि जिवाणू बनवतात. प्राण्यांना, मोजके अपवाद सोडले तर, ती खाऊनच मिळवावी लागतात. डबक्यातलं शेवाळ बारीक कवचधारी जीव खातात, झाडांची पानं कीटक खातात, त्या सगळ्यांना बेडूक खातो, आणि शेवाळातलं द्रव्य असं चार तोंडांतून फिरून पोटावर येऊन बसतं.

हे मला नीट समजलं ते जंगलात नाही, एका मैत्रिणीच्या घरी. तिच्या मुलाने दुकानातून लालपोटे बेडूक आणले होते, पूर्वेकडची जात, बॉम्बिना ओरिएंटालिस. कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेकडचा हा बेडूक. रानातल्या बेडकाची पाठ झळझळीत हिरवी आणि त्यावर काळे ठिपके, पोट टोमॅटोसारखं लाल. मुलाने फोटो पाहून हट्ट धरला होता. घरी आलेल्यांची पाठ हिरवी होती खरी, पण पोट फिकट, पिवळट नारंगी. तो काळजीत होता.

"मावशी, हे आजारी आहेत का गं?"

आजारी नव्हते. भूक छान, उड्या छान, रात्री हळू आवाजात हाकाही मारत होते. ते काचेच्या पेटीत जन्मलेले होते, आणि लहानपणापासून पिठावर वाढवलेल्या रातकिड्यांवर पोसलेले. रातकिड्याच्याच पोटात कॅरोटिनॉइड नाही, तर बेडकाच्या पोटावर कुठून येणार? हे जाणणारे लोक रातकिड्यांना आधी गाजर, लाल भोपळा, सिमला मिरची खाऊ घालतात आणि मग ते किडे बेडकांना देतात. रंग थोडा सुधारतो. पण पिल्लाच्या वयातच ते खाणं मिळालं नाही तर पुढे कितीही खाऊ घातलं तरी रानातला लाल सहसा चढत नाही. त्या मुलाला मी अग्निपंखांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, सांगितलं. उजनीच्या पाण्यावर आणि ठाण्याच्या खाडीत जे रोहित पक्षी येतात त्यांचा गुलाबी रंगही असाच खाण्यातून येतो, आणि प्राणिसंग्रहालयात वेगळं खाणं दिलं नाही तर ते पांढुरके पडत जातात. "म्हणजे हे त्यांच्या जेवणाचं पोट आहे," तो म्हणाला. मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

तेव्हापासून 'या जातीचा रंग लाल असतो' हे वाक्य मला अपुरं वाटायला लागलं. कुठे वाढलेल्याचा? काय खाल्लेल्याचा? रंगाबरोबर एक परिसरही बोलत असतो, आणि प्राणी तिथून उचलला की रंगाचं अर्धं वाक्य मागेच राहतं.

पाठीचंही तसंच, फक्त कारण निराळं. पूर्वेकडच्या जातीत हिरव्या पाठीचे असतात तसे तपकिरी पाठीचेही असतात, आणि मधल्या सगळ्या छटांचे. हिरवा रंग त्यांच्या कातडीत कुठेच साठवलेला नसतो. खालच्या थरातले ग्वानिनचे स्फटिक निळा प्रकाश परतवतात, वरच्या थरात पिवळं द्रव्य असतं, आणि निळ्या कापडावर पातळ पिवळी ओढणी धरली की जसं हिरवं दिसतं तसा बेडूक हिरवा दिसतो. कधी एखाद्या हिरव्या बेडकात ती पिवळी ओढणी जन्मतःच नसते. मग तो निळा निघतो आणि त्याचा फोटो जगभर फिरतो. त्याशिवाय काळ्या पेशींतलं मेलॅनिन पसरलं की पाठ गडद होते, पेशीच्या मध्याशी गोळा झालं की उजळते. आमच्या चाकोऱ्यांतले पिवळपोटे यामुळेच पिवळसर चिकणमातीत फिकट दिसतात, आणि पानं कुजून काळ्या झालेल्या डबक्यात काळपट. एकच बेडूक जागा बदलली की वेगळा वाटू शकतो, म्हणून पाठीचा रंग आम्ही टाचणात लिहितो, पण त्यावरून कोणाची ओळख पटवत नाही.

आपल्याकडच्या वाचकांना रंग पालटणारा बेडूक नवा नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतात साचलेल्या पाण्यात लिंबासारखे पिवळे झालेले डराव बेडकांचे नर आणि त्यांच्या गळ्याशी फुगणाऱ्या निळ्या पिशव्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना मी काय सांगणार! तो रंग मात्र माद्यांना बोलावण्यासाठी, तेवढ्या दिवसांपुरता असतो. पिवळपोट्याचा रंग बारमाही आणि तो शत्रूसाठी.

आईला फोनवर हे सगळं सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "अगं, पण बेडकाचं पोट बघायला जातंय कोण?"

प्रश्न अगदी खरा आहे. हा बेडूक जन्मभर पोट खाली घालून बसतो. धोका जाणवला की आधी बुडी मारून चिखलात शिरतो. ते जमलं नाही तर ताठ होतो. पाठ आत वाकवतो, डोकं वर घेतो, चारही पाय उचलून तळवे बाहेर फिरवतो, कधी हातांनी डोळे झाकून घेतो. तळहात, तळपाय, हनुवटी आणि पोटाची कड एवढंच पिवळं दिसतं. क्वचित एखादा पार उताणा होतो. श्वासही मंद. असा तो काही मिनिटं राहू शकतो. सगळेच बेडूक हे करत नाहीत. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक नुसते पाय झाडतात.

भडक रंग म्हणजे इशारा, ही कल्पना निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६७ मध्ये डार्विन यांना सुचवली. डार्विन यांना तेव्हा भडक रंगाच्या सुरवंटांचं कोडं पडलं होतं. पुढे १८७९ मध्ये फ्रिट्झ म्युलर या दुसऱ्या निसर्गअभ्यासकांनी हिशोब मांडला: पक्ष्याला एक विषारी जीव चाखून धडा शिकावा लागतो, तर इशारा जितका एकसारखा तितके कमी जीव त्या शिक्षणात बळी जातील. हा हिशोब बिनतोड आहे. त्याप्रमाणे चाललं असतं तर पिवळपोट्यांची सगळी पोटं साच्यातून काढल्यासारखी निघायला हवी होती. मग माझ्या डबीत रोज नवं पोट का येतं?

उत्तरं बरीच सुचवली गेली आहेत. मला पटतं ते असं: बगळा नक्षी मोजत बसत नाही. चिखलाच्या रंगाच्या जिवाच्या खालून अचानक पिवळं-काळं उसळलं एवढंच त्याला पुरतं. पिवळं किती टक्के, पट्टे जुळलेत की तुटलेत, याने त्याचा निर्णय बदलत नसेल तर निसर्गाची निवड त्या तपशिलात हात घालत नाही, आणि तो तपशील मोकळा सुटतो. जिथे कोणी बघत नाही तिथे वैविध्य वाढत जातं. त्यात हा इशारा फार क्वचित दाखवला जातो. पाठीचं लपणं हा पहिला बचाव, पोट हा शेवटचा. पाठीवर चूक झाली तर जीव जातो, म्हणून ती मातीशी जुळवून राहते. पोटाला सूट आहे.

त्या कातडीतल्या रसायनांवर वेगळा लेख होईल, पण एक सांगून पुढे जाते. इटलीतले संशोधक व्हित्तोरिओ एर्स्पामेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये युरोपातल्या लालपोट्याच्या कातडीतून १४ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण छोटी साखळी, वेगळं काढलं आणि बेडकाच्या नावावरून त्याला बॉम्बेसिन हे नाव दिलं. तशाच रचनेची पेप्टाइडं माणसाच्या आतड्यात आणि मेंदूतही काम करतात असं नंतर दिसलं, आणि काही कर्करोगांच्या पेशींवर त्यांना धरून ठेवणारे रेणू (रिसेप्टर) भरपूर असल्यामुळे त्यांच्यावर आजही संशोधन चालतं. चिखलातल्या एका जिवाच्या फेसातून हे निघालं.

आता पोलंडमधल्या क्राकोव्हकडे. युरोपात बॉम्बिनाच्या दोन मुख्य जाती आहेत आणि जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियस यांनी दोन्हींना वेगवेगळी नावं दिली होती, पिवळपोट्याला १७५८ मध्ये आणि लालपोट्या बॉम्बिना बॉम्बिनाला १७६१ मध्ये. लालपोट्या सखल प्रदेशातला, मोठ्या आणि टिकणाऱ्या तळ्यांतला. पिवळपोट्या डोंगरउतारांवरचा, आज आहे उद्या नाही अशा डबक्यांतला. लालपोट्याचं पोट मुख्यतः काळं, त्यावर लाल-शेंदरी सुटे डाग आणि मधून मधून बारीक पांढरे ठिपके. पिवळपोट्याचं निम्म्याहून अधिक पिवळं, पिवळे डाग एकमेकांना जोडलेले, बोटांची टोकंही पिवळी. लालपोट्याची हाक सावकाश आणि दूरवर जाणारी, पिवळपोट्याची भराभर आणि हळू. पिवळपोट्याची अंडी कमी पण मोठी, कारण डबकं आटायच्या आत पिल्लाला बाहेर पडायचं असतं. लाखो वर्षं वेगळ्या वाटांनी गेलेल्या या जाती आहेत. शेवटचं हिमयुग सरल्यावर दोन्ही उत्तरेकडे सरकल्या, आणि जिथे डोंगर संपून मैदान सुरू होतं तिथे त्यांची पुन्हा गाठ पडली.

ती गाठ पडली आणि संकर सुरू झाला. दक्षिण पोलंडमध्ये क्राकोव्हजवळ आणि पूर्वेकडे प्शेमिशलजवळ यात्सेक शिमुरा आणि निक बार्टन या जीवशास्त्रज्ञांनी या सीमेचा अभ्यास केला. त्यांचे शोधनिबंध १९८६ आणि १९९१ मध्ये आले आणि जाती वेगळ्या कशा राहतात हे शिकणाऱ्यांना ते आजही वाचावे लागतात. दोन्ही ठिकाणी संकराचा पट्टा जेमतेम ६ किलोमीटर रुंद निघाला. एका टोकाला लालपोटे, दुसऱ्या टोकाला पिवळपोटे, आणि मधल्या सहा किलोमीटरांत सगळं सगळ्यांत मिसळलेलं. संकरित अंडी आणि पिल्लं जास्त मरतात, म्हणून पट्टा रुंदावत नाही. दोन्हीकडून नवे बेडूक येत राहतात, म्हणून तो मिटतही नाही. क्रोएशियात पेश्चेनित्सा इथे तर अशी सरळ सीमाही नाही. तळ्यात लालपोट्याकडे झुकणारे, बाजूच्या डबक्यात पिवळपोट्याकडे झुकणारे, असा चट्टेरी कारभार.

त्या पट्ट्यातली पोटं कशी असतील याचा विचार करा. नारंगी रंग, पण डाग जोडलेले. काळं जास्त, पण बोटांची टोकं पिवळी. डावी बाजू एका जातीची वाटावी, उजवी दुसरीची. पुस्तक उघडून ओळखायला बसलेल्या माणसाची इथे पंचाईत होते, कारण दोन चित्रांच्या मधली पानं छापलेलीच नाहीत. त्यात भर म्हणजे सीमेपासून कित्येक किलोमीटर दूर, शुद्ध वस्तीतही, नारंगी पोटाचे पिवळपोटे आणि पिवळ्याकडे झुकणारे लालपोटे सापडतात. म्हणजे नुसता रंग पाहून 'हा संकर' म्हणता येत नाही. डागांची मांडणी, पाठीवरचे फोड, हाक, अंड्यांचा आकार आणि शेवटी डीएनए, हे सगळं एकत्र मांडावं लागतं. व्यक्ती तितक्या प्रकृती हे आपण माणसांबद्दल सहज म्हणतो. बेडकांबद्दल म्हणताना का कचरतो, कोण जाणे.

हे वैविध्य लोकांना दिसलं की दोन गोष्टी घडतात. काहींना कुतूहल वाटतं. काहींना खरेदी करावीशी वाटते. पूर्वेकडचा लालपोट्या कित्येक दशकं स्वस्त पाळीव बेडूक म्हणून जगभर विकला गेला, आणि त्यांतले पुष्कळ रानातून पकडलेले. पेटीत जन्मलेल्याचं पोट फिकट, रानातल्याचं लाल, मग गिऱ्हाईक लालच मागतं. मला याचा मनापासून राग येतो. तो लाल रंग कोरियातल्या कुठल्याशा ओढ्यातल्या किड्यांचा आहे. पेटीत आणून त्यावर मालकी सांगता येत नाही. आणि रंगाबरोबर काय येतं तेही आता ठाऊक आहे. उभयचरांच्या कित्येक जाती संपवणाऱ्या कायट्रिड बुरशीचं मूळ पूर्व आशियात आहे, असं २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. कोरियातल्या बेडकांवर, त्यांत हा लालपोट्याही आला, त्या बुरशीचा सर्वात जुना वाटणारा वंश सापडला. तिथल्या बेडकांनी तिच्यासोबत जगायची सवय केलेली आहे. बाकीच्या जगातल्या बेडकांना ती सवय नाही, आणि व्यापाराने ती बुरशी त्यांच्या दारात नेली. आम्ही बुटांना जंतुनाशक लावतो ते म्हणूनच. मैत्रिणीच्या मुलाला मी एवढंच बजावलं की पेटीतलं पाणी ओढ्यात किंवा गटारात ओतायचं नाही आणि बेडूक कधी बाहेर सोडायचे नाहीत. त्याने ते पेटीवर चिकटवून ठेवलंय, मराठीत आणि जर्मनमध्ये.

फिकट पोटाचे ते बेडूक त्याच्याकडे मजेत आहेत. गाजर खाल्लेल्या रातकिड्यांनी त्यांचा रंग किंचित खुलला, एवढंच. ते कमी अस्सल आहेत असं मला वाटत नाही. त्यांच्या वाट्याला जे आलं त्याचा तो रंग आहे.

आमच्या जंगलातली अडचण वेगळी आहे. लाकूडतोडीनंतर रस्ते दुरुस्त करताना चाकोऱ्या खडी टाकून बुजवल्या जातात, आणि त्या बुजवल्या की दोन डबक्यांमधलं अंतर वाढतं. मोठे पिवळपोटे सहसा दूर जात नाहीत. नव्या जागा शोधत फिरतात ती तरुण पिल्लं, आणि तीही एका मर्यादेपर्यंतच. वस्त्या तुटल्या की आपापसातच वीण होत राहते आणि पिढ्यांमागून पिढ्या आनुवंशिक फरक झिजत जातो. तो झिजताना पोटावर लगेच काही दिसत नाही, पण रोगाला किंवा कोरड्या उन्हाळ्याला तोंड द्यायची वेळ आली की उणीव कळते. जुनी डबकी नुसती राखूनही भागत नाही. दोन-तीन वर्षांत त्यांत शेवाळ माजतं, चतुरांच्या अळ्या येतात आणि बेडकांची पिल्लं फस्त करतात. त्यामुळे नवी उथळ डबकी दर थोड्या वर्षांनी खणावीच लागतात, उन्हात, सावलीत नाही, आणि एकमेकांपासून काही शे मीटरांच्या आत.

यंदा आमच्या गटाने नकाशावर अशा जागा काढून दिल्या आहेत, आणि खडी टाकायची ती सप्टेंबरनंतर, पिल्लं पाण्याबाहेर पडल्यावरच टाकावी, अशी विनंती केली आहे. वरच्या वळणापासून खाणीपर्यंतच्या जागांना होकार आलाय. ओढ्यापलीकडच्या तुकड्याचं अजून ठरायचंय. तिथल्या बेडकांची पोटं आम्ही अजून पाहिलेली नाहीत.